पडद्यामागचं पाणी

मशीनमधून ती चिठ्ठी बाहेर आली तेव्हा ताईचा चेहरा बघवत नव्हता. एवढीशी चिठ्ठी, त्यावर डाव्या-उजव्या कानाचे दोन छोटे आलेख आणि दोन्हीत एक आडवी सपाट रेषा. आपण सगळ्यांनी इतके सिनेमे बघितलेत की दवाखान्यातली सपाट रेषा म्हटलं की पुढचा सीन आपोआप सुरू होतो, पांढरी चादर, कोणीतरी हातातलं ताट पाडतं वगैरे. ताईची मुलगी मनू शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती आणि ती चिठ्ठी मला दे, मला दे करत होती, तिला ती एसटीचं तिकीट म्हणून खेळायला हवी होती. डॉक्टर मॅडमना ताईकडे बघून अंदाज आला असणार, त्या हसल्या आणि म्हणाल्या, अहो घाबरू नका, हा ईसीजी नाहीये. हे मशीन कानातला हवेचा दाब कमी-जास्त करून पडदा हलतोय का एवढंच बघतं, हलला तर मधे उंच टोक येतं, हिचा हलत नाहीये कारण पडद्यामागे पाणी आहे.

मग त्यांनी ती चिठ्ठी उलटी करून पेनाने कानाचं चित्र काढलं, पडदा, त्यामागची पोकळी, तिथून घशाकडे उतरणारी नळी, आणि नळीच्या तोंडाशी दोन-चार बारीक रेघा. त्या रेघांवर पेन टेकवून म्हणाल्या, पाणी होणं ही अडचण नाही, लहान मुलांना होतंच. ते बाहेर ढकलणारे हे जे बारीक केस असतात ना, ते सध्या कामावर नाहीयेत ही अडचण आहे. आणि त्यांना बंद पाडलंय हिच्याच शरीराने, सर्दीशी भांडता भांडता. तीन महिन्यांनी परत या, तोवर औषध नाही.

ताईने यातलं शेवटचं वाक्य ऐकलं. मी मधलं ऐकलं.

घरी येताना रिक्षात ताई भाऊजींना फोनवर सांगत होती की अरे औषधच दिलं नाही, एवढी फी घेतली आणि नुसतं थांबा म्हणे, आणि मी चिठ्ठीच्या मागच्या त्या चार रेघांकडे बघत होतो. आजार म्हणजे बाहेरून कोणीतरी येतं आणि आपलं नुकसान करतं एवढं सरळ गणित डोक्यात असतं आपल्या. इथे मात्र बाहेरचा आला, दोन दिवस शिंका देऊन निघूनही गेला, आणि त्याला हाकलायला जी सामग्री शरीराने काढली तिनेच घरातल्या झाडूवाल्यांना आडवं केलं. मनूला ऐकू कमी येतंय हे आम्हाला कळलंही फार उशिरा, कारण तिला खाऊ म्हटलं की बरोबर ऐकू यायचं. मग अभ्यासाचं ऐकू येत नाही, नाटकं करते, असा घरचा निकाल लागला होता. आता कळतंय की ते नाटक नव्हतं. पडद्यामागे पाणी असलं की पंचवीस-तीस डेसिबल आवाज वाटेतच अडतो, म्हणजे समोर बसून बोललेलं कळतं, पाठीमागून हळू बोललेलं कळत नाही, आणि स, श, फ असली वाऱ्याची अक्षरं तर गळूनच जातात. शिवाय आज थोडं बरं, उद्या परत तसंच. त्यामुळे संशय त्या पोरीवरच जातो.

आमच्या घरात कानाचा इतिहास तसा जुना आहे. लहानपणी माझा कान वाहायचा. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागला की सगळ्यांच्याच कानाला दडे बसायचे, आई पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून द्यायची आणि म्हणायची चघळत राहा, गिळत राहा. बाकीच्यांचे कान टक् करून मोकळे व्हायचे, माझा उजवा तसाच बधिर राहायचा, घाट संपला तरी, टेबललँडवर घोडे बघताना तरी. आणि पावसाळ्यात कधीतरी मध्यरात्री तो ठणकायला लागायचा. मग लाइट लागायचा, आई कढल्यात तेल आणि लसणाच्या दोन पाकळ्या टाकायची, लसूण तांबूस झाला की तो वास आख्ख्या घरभर व्हायचा, मला झोपेतून उठवून भजी तळतायत की काय असं वाटायचं. तेल कोमट झालं की बोटाने आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायची आणि मग माझ्या कानात. आत जाताना येणारा तो गुडगुड आवाज मला अजून आठवतो. वरून कापसाचा बोळा. सकाळी उशीवर पिवळा डाग असायचा, दुखणं थांबलेलं असायचं आणि आई सांगायची, बघ, तेलाने घाण बाहेर काढली. खरं म्हणजे रात्री आतल्या पुवाच्या दाबाने पडदा फाटला की दाब मोकळा होतो आणि दुखणं पटकन उतरतं, तेलाने काही केलेलं नसतं, उलट फाटक्या पडद्यातून तेल आत जाणं चांगलं नाही. पण हे सगळं मला कळायला पुढची तीस वर्षं लागणार होती आणि त्या रात्री मला झोप लागत होती हेही तितकंच खरं.

त्या केसांबद्दल मी नंतर बरंच वाचलं. कामाच्या वेळेत वाचलं, हे ऑफिसमधल्या कोणी वाचू नये. मधला कान म्हणजे पडद्यामागची एक हवेची छोटी खोली, आत तीन चिमुकली हाडं, आणि तिला घशाच्या मागच्या बाजूला जोडणारी युस्टेशियन ट्यूब, सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्ताची नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाची. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटीमीटर लांब असते आणि साधारण ४५ अंशात खाली उतरते, बाळात जवळपास निम्मी लांब आणि जेमतेम १० अंशाच्या उताराची, म्हणजे आडवीच. एरवी बंद असते, गिळलं किंवा जांभई दिली की टाळूचा एक स्नायू ती क्षणभर उघडतो, आईच्या लिमलेटच्या गोळीचं शास्त्र ते. आपलं लक्ष असतं या उघडझाप करणाऱ्या नळीकडे. पण नळीच्या आतल्या अस्तराला आणि मधल्या कानाच्या पुढच्या-खालच्या भागाला हे केस असतात, सिलिया. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या पाच-सहा भागांएवढी यांची लांबी, एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास, आणि सेकंदाला दहाएक वेळा हलतात. सगळे घशाच्या दिशेने. आपण झोपलो तरी, उलटे लटकलो तरी.

आमच्या घरावर वरचा मजला चढवला तेव्हाचा स्लॅब मला आठवतो. मिक्सरपासून वरच्या फळ्यांपर्यंत माणसांची रांग, बायका-पुरुष सगळे, आणि घमेलं या हातातून त्या हातात. कोणीच जागचं हलत नव्हतं, माल मात्र सरसर वर जात होता. सिलियांचं काम हेच. पेशींवर आधी एक पातळ पाण्याचा थर असतो आणि त्यावर चिकट शेंबडाचा. केस सरळ ताठ होऊन जोरात पुढे जातो तेव्हा त्याचं टोक वरच्या चिकट थराला लागून त्याला इंचभर नव्हे, पण त्याच्या मापाने बरंच पुढे ढकलतं, आणि परत येताना केस वाकून खालच्या पातळ पाण्यातून गुपचूप येतो, म्हणजे पुढे नेलेला माल मागे ओढला जात नाही. शेजारचा केस किंचित उशिराने हलतो, त्याच्या शेजारचा अजून किंचित उशिराने. जंतू, धूळ, मेलेल्या पेशी, सगळं त्या थरावर बसून घशात येतं आणि आपण गिळून टाकतो. नाकातही हीच यंत्रणा आहे आणि ती तपासायची एक मजेशीर जुनी पद्धत आहे, नाकपुडीत आत सॅकरीनचा कण ठेवायचा आणि जिभेला गोड कधी लागतं ते घड्याळात बघायचं. वीसेक मिनिटांच्या आत लागलं तर गडी कामावर आहेत.

आता स्लॅबच्या दिवशी माल फार घट्ट झाला, रांगेतली निम्मी माणसं निघून गेली आणि राहिलेल्यांचे हात भरून आले तर काय होईल? सर्दी रेंगाळली की मधल्या कानात एकाच वेळी हे तिन्ही होतं.

व्हायरस नाकातून ट्यूबच्या तोंडाशी येतो. अस्तरातल्या मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिन सोडतात, त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, अस्तर सुजतं, आधीच बारीक असलेली नळी आणखी बारीक होते. पेशींच्या आवरणातल्या चरबीपासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन नावाची रसायनं तयार होतात, त्यातलं प्रोस्टाग्लँडिन म्हणजे ताप आणि ठणका. मग टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-८ असली संदेश पोचवणारी मंडळी, जी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना इकडे या म्हणून बोलावतात. त्या येतात, लढतात, मरतात, आणि मरताना स्वतःच्या पोटातला डीएनए जाळ्यासारखा बाहेर टाकतात, जंतू अडकवायला. हे डीएनएचे धागे पाण्यात मिसळले की पाणी आणखी घट्ट. शिवाय हेच टीएनएफ आणि इंटरल्युकिन अस्तरातल्या पेशींना म्युसिन, म्हणजे शेंबडाला चिकटपणा देणारं प्रथिन, जास्त बनवायला लावतात. आठवडे उलटत गेले की केसवाल्या पेशी कमी होतात आणि शेंबूड बनवणाऱ्या पेशी वाढतात, जिथे आधी नावालाही नव्हत्या तिथेसुद्धा. शेवटी पडद्यामागे जे उरतं ते पाणी नसतंच. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या बाबांना डॉक्टरांनी ते दाखवलं होतं, ते सांगत होते की सक्शनच्या नळीला तार लागून लांबच लांब येत होती, पाकाची येते तशी, आणि डिंकाच्या रंगाची. इंग्रजीत या आजाराला ग्लू इअर म्हणतात ते उगाच नाही.

आणि उरलेले केस? त्यांच्यावरही यातली काही रसायनं थेट काम करतात. १९८० नंतरच्या दशकांत जपानमध्ये गिनीपिगच्या कानावर याचे बरेच प्रयोग झाले. जंतूंच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, मधल्या कानात सोडायचं आणि मग अस्तराचा तुकडा काढून केस किती हलतायत ते मोजायचं. किंवा पीएएफ नावाचं दाहाचं, म्हणजे या सगळ्या सुजेच्या भानगडीतलं, रसायन सोडायचं, आणि कानात टाकलेला रंग ट्यूबच्या घशाकडच्या तोंडाशी यायला किती वेळ लागतो ते बघायचं. केस मंदावत होते, रंग उशिरा येत होता, म्हणजे जंतू नसताना, नुसत्या शरीराच्याच रसायनानेही साफसफाई अडत होती. मात्र हे इतकं सरळही नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. श्वासनळीच्या पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय की प्रोस्टाग्लँडिनचा एक प्रकार केसांचा वेग उलट वाढवतो, टीएनएफसुद्धा सुरुवातीला नायट्रिक ऑक्साइडच्या मार्फत त्यांना पळवतो. म्हणजे शरीराची पहिली ऑर्डर बरोबरच असते की चला, हात उचला, घाण आलीय. बिघडतं ते लांबल्यावर. ज्याने पळवलं त्याच्याच गर्दीत नंतर सगळं चिकटून बसतं.

या रसायनांना व्हिलन ठरवणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. अँटिबायोटिक येण्याआधी कानाचा पू मागच्या हाडात आणि तिथून मेंदूकडे जायचा आणि पोरं दगावायची, आजही कानामागे सूज आणि ताप दिसला तर थांबायचं नसतं, सरळ दवाखाना. ती आग आत पेटते म्हणून बाकीच्या वेळी आपण वाचतो. फक्त ती विझवायची कधी, हे शरीराला नेहमी कळतंच असं नाही.

गंमत म्हणजे सुमारे शंभर वर्षं जग या सगळ्याकडे दुसऱ्याच बाजूने बघत होतं. व्हिएन्नाच्या ॲडम पोलित्झर नावाच्या कानाच्या डॉक्टरने १८६० च्या दशकात मांडलं की नळी बंद झाली, आतली हवा अस्तराने शोषली, निर्वात पोकळी झाली, आणि त्या ओढीने पाणी झिरपलं. बास, संपलं. हे चूक नाही, दाब खरोखर कमी होतो आणि पडदा आत खेचला जातो. पण नुसत्या ओढीने झिरपलेलं पाणी पातळ असायला हवं, त्यात इतकी प्रथिनं, इतके संदेशवाहक, इतका शेंबूड कशाला असेल? पुढे त्या पाण्याची रासायनिक तपासणी होत गेली तसा दाह मधोमध आला. २००६ मध्ये तर जुनाट पाणी असलेल्या मुलांच्या मधल्या कानाच्या अस्तरावर जंतूंचे थर, बायोफिल्म, चिकटून बसलेले सापडले, ज्यांना कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघतात त्यात, पकडता येत नव्हतं. म्हणजे शरीर आग चालू ठेवतंय ते अगदीच वेडेपणाने नाही, कोणीतरी कोपऱ्यात लपलेलं आहे.

केसांचं महत्त्व किती, हे मात्र गिनीपिगने नाही तर माणसांनीच दाखवून दिलं. १९३३ मध्ये झुरिकच्या कार्टागेनर नावाच्या डॉक्टरांनी काही रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांना कायम सायनसचा त्रास, फुप्फुसांच्या नळ्या खराब, आणि हृदय चक्क उजव्या बाजूला. या तिन्हीचा एकमेकांशी काय संबंध हे १९७६ मध्ये स्वीडनच्या अफ्झेलियस नावाच्या शास्त्रज्ञाने सोडवलं, यांच्या केसांत हलवणारा डायनिन हा भागच नव्हता. पोटातलं बाळ अगदी सुरुवातीला डावं-उजवं ठरवतं तेही अशाच केसांच्या हालचालीने, ते हलले नाहीत की हृदय कुठल्या बाजूला जाईल हे नशिबावर, म्हणून अशा निम्म्या लोकांचं उजवीकडे. मी हे वाचून ताईला फोन केला तर ती म्हणाली, मनूचं हृदय डावीकडे आहे ना, मग बास. पण माझा मुद्दा वेगळा होता. या आजाराच्या जवळपास सगळ्याच मुलांच्या कानात पाणी असतं. नळी आहे, टाळूचा स्नायू आहे, गिळणं आहे, सगळं आहे. नाहीत ते फक्त हलणारे केस.

यानंतर मी घरातल्या धुराकडे जरा संशयाने बघायला लागलो. सिगरेटचा धूर सिलियांना मंद करतो आणि ओढणाऱ्या माणसांच्या घरातल्या मुलांना कानाचा त्रास जास्त होतो, हे आता पक्कं झालेलं आहे. बाबा आमच्या लहानपणी आतल्या खोलीत, पंखा लावून, पेपर वाचत ओढायचे, पेपरच्या वरून निळा धूर यायचा आणि मला तो वास आवडायचासुद्धा. त्या काळी कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांच्याशी या विषयावर भांडायची सोय नाही आणि भांडलो असतो असंही नाही. मनूच्या घरी कोणी ओढत नाही. पण ती जन्मली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत रोज अंघोळीनंतर शेगडी यायची, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप, आणि आई तिला हातावर पालथी धरून त्या धुरावरून फिरवायची. डोळे किलकिले करून ते मुटकुळं शिंकायचं आणि आई म्हणायची, बघा, सर्दी निघाली. बालरोगतज्ज्ञ हल्ली धुरी देऊ नका सांगतात आणि बरोबरच सांगतात, धूर तो धूर, तो ओव्याचा आहे म्हणून त्या केसांना काही वाटत नसेल असं मानायला कारण नाही. तरी ओव्याचा तो वास आला की मला अजून कोणाचं तरी बाळ जवळपास आहे असं वाटून बरं वाटतं. याला काय करणार.

दरम्यान ते तीन महिने चालू होते आणि घरात कोणालाच ते सोसत नव्हते. भाऊजींच्या एका मित्राने सिरपचं नाव पाठवलं, सर्दीचं नेहमीचं, हिस्टामिन अडवणारं. दुसऱ्या कोणीतरी ल्युकोट्राइन अडवणारी गोळी सांगितली, जी आपल्याकडे हल्ली खोकल्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर असते. आणि इथे मलाही प्रश्न पडला, कारण मी दाहाची एवढी रसायनं वाचून बसलो होतो. हीच जर सगळ्याच्या मुळाशी असतील तर ती अडवली की प्रश्न मिटायला हवा. कागदावर तर मिटतो. पण हिस्टामिन अडवणाऱ्या औषधांचा पडद्यामागच्या पाण्यावर उपयोग होत नाही, हे कितीतरी चाचण्या एकत्र करून बघितल्यावर निघालेलं आहे, उलट झोप आणि चिडचिड पदरात पडते. मग म्हटलं स्टेरॉइड, ते तर एकदम सगळ्याच रसायनांवर पाणी टाकतं. तर वेल्समधल्या संशोधकांनी तेही करून बघितलं, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोन ते आठ वर्षांची ३८९ मुलं, निम्म्यांना सात दिवस स्टेरॉइड, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांपैकी ४० टक्के मुलांना नीट ऐकू यायला लागलं होतं आणि खोट्या गोळीवाल्यांपैकी ३३ टक्के. फरक इतका कमी की योगायोगानेही पडला असता. माझ्या डोक्यात बसलेलं उत्तर असं की तोवर उशीर झालेला असतो, हिस्टामिनचं काम पहिल्या तासा-दिवसांचं, नंतर पेशीच बदललेल्या असतात, माल घट्ट झालेला असतो, कोपऱ्यात बायोफिल्म असते, आणि एक आठवडा आग विझवून गेलेले केस परत उगवत नाहीत. त्याला वेळ लागतो. वेळ हीच गोष्ट मॅडमनी लिहून दिली होती आणि आम्हाला ती औषध वाटत नव्हती.

मग औषधांनी होत नाही तर ऑपरेशन करून कानात बसवतात ते ग्रोमेट कसं काम करतं? मलाही आधी वाटायचं की पडद्याला छोटी चीर देऊन त्यात ती फिरकीएवढी नळी बसवतात ती पाणी काढायला. पाणी तर ऑपरेशनच्या वेळीच ओढून घेतात, नळी असते हवा आत जायला. युस्टेशियन ट्यूब जे करू शकत नाहीये ते तात्पुरतं पडद्यातून करायचं, आत हवा खेळती ठेवायची, म्हणजे अस्तराची सूज उतरते, शेंबडाच्या पेशी हळूहळू कमी होतात, आणि साफसफाई पुन्हा सुरू व्हायला जागा मिळते. सहा महिने-वर्षभरात नळी आपोआप गळून पडते. पोलित्झरनेच रबराची कडी बसवून हे करून पाहिलं होतं, टिकलं नाही, मग १९५४ मध्ये अमेरिकेत आर्मस्ट्राँग नावाच्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकची नळी वापरली आणि तिथून ते रुळलं. ताईला हे सगळं मी चित्र काढून समजावलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू हे मनूला भूल द्यायच्या आधी सांग की नंतर सांग, मला रडूच येणार आहे.

तशी वेळ अजून आलेली नाही. तीन महिन्यांनी परत मशीन लावलं तेव्हा डाव्या कानाला छान टोक आलं होतं, उजव्यालाही आलं होतं पण बाजूला सरकलेलं, म्हणजे पाणी गेलंय, दाब अजून कमी आहे. अजून थांबा, मॅडम म्हणाल्या, हिवाळा जाऊ दे. त्यांनी फुगा नाकाने फुगवायचा एक व्यायाम दिला आहे, हवेच्या दाबाने ट्यूब उघडावी म्हणून, मनूला तो भयंकर आवडतो आणि ती पाहुण्यांसमोर करून दाखवते, ताईला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं होतं. शाळेत बाईंना सांगून पहिल्या बाकावर बसवलंय. आता तिला पाठीमागून हाक मारली की ती वळते, त्यामुळे घरात तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायची सोय राहिली नाही.

परवा रविवारी जेवताना मी आईला ती स्टेरॉइडची गोष्ट सांगत होतो, चाळीस आणि तेहेतीसची. आई भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, म्हणजे ज्यांना नुसती खोटी गोळी दिली, त्यांच्यातल्या शंभरातली तेहेतीस पोरं काहीच न करता बरी झाली?

म्हटलं हो, त्यांचे केस आपापले कामाला लागले.

मग आमच्या तेलाने काय घोडं मारलं होतं तुमचं, ती म्हणाली. मी तिला सांगितलं की आई, पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्या पलीकडे जातच नाही, आणि फाटका असेल तर जायला नको. तिने मान डोलावली, पटलंय असं वाटलं. मग ताटात पिठलं वाढत म्हणाली, बरं नाही घालणार कानात, पायाला तर चोळू ना पोरीच्या?